अर्ध्या वाट्याची अट : बारामती–इंदापूर परिसरातील विद्यासाहाय्याचा इतिहास

विद्येचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथकारांची, ग्रंथांची व संप्रदायांची नोंद काळजीपूर्वक करतो. त्या ग्रंथकारांचा व पाठशाळांचा योगक्षेम कोणत्या द्रव्यावर चालला, ते द्रव्य कोणाकडे व कशा रीतीने मागावे लागले आणि देणाऱ्याने त्यास कोणत्या अटी जोडल्या, ह्या प्रश्नांकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांपुरता हा प्रश्न घेतला आहे. एकमेकांस लागून असलेल्या ह्या भूभागात खाजगी आश्रय, सरकारी साहाय्य, जमिनीवरील उपकर, साखरेच्या धंद्यातून उभी राहिलेली वर्गणी आणि अखिल भारतीय संशोधन-अनुदान अशा विद्यासाहाय्याच्या बहुतेक सर्व तऱ्हा अडीच शतकांत एकामागून एक येऊन गेल्या. शिवाय दोन्ही तालुके अवर्षणग्रस्त असले तरी नीरा नदीच्या डाव्या कालव्याचे पाणी दक्षिणेकडील पट्ट्यास मिळाले व उत्तरेकडील माळ पुष्कळ काळ कोरडाच राहिला. एकच नियम ओल्या गावास व कोरड्या गावास लावला असता त्याची फळे कशी भिन्न होतात, हे पाहण्यास ह्याहून सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल.

अठराव्या शतकातील बारामती म्हणजे बाबूजी नाईक जोशी ह्यांची बारामती. नाईकांचे घराणे सावकारीचे. पेशव्यांस कर्ज पुरविणारे आणि सोयरिकीनेही त्यांच्याशी जोडलेले. बाबूजींचे बंधू आबाजी नाईक ह्यांस थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली होती. १७४० मध्ये बाजीराव निवर्तल्यावर पेशवेपदासाठी बाबूजींचे नाव पुढे आले, ते मुख्यतः ह्या सावकारी बळावर. राजकारणाच्या त्या डावात नाईक मागे पडले. परंतु कऱ्हेकाठच्या त्यांच्या घराने मराठी वाङ्मयाचे जे काम केले, ते त्यांच्या कोणत्याही मोहिमेहून अधिक टिकले. मोरोपंत (१७२९–१७९४) हे मूळचे पन्हाळ्याचे. वडील रामाजीपंत नाईकांच्या पदरी राहिले, म्हणून मोरोपंतही तरुणपणीच बारामतीस आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. आर्याभारत, केकावली आणि रामायणांची ती विलक्षण मालिका ही सर्व रचना ह्या आश्रयाच्या सावलीत झाली.

ह्या आश्रयाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. मोरोपंतांना नाईकांच्या घरी पुराण सांगावयाचे होते. आश्रयदात्यास हवे असलेले काम आणि कवीस करावयाचे काम ही येथे जवळजवळ एकरूप होती. सकाळी जे भारत अथवा भागवत श्रोत्यांपुढे उलगडावयाचे, तेच आर्यावृत्तात बांधावयाचे. अटीचा भार विद्येवर पडला नाही, उलट अटीनेच विद्येस दररोज खाद्य पुरविले. शिवाय हा आश्रय चार दशकांचा होता. दर वर्षी नव्याने योग्यता सिद्ध करण्याचा प्रसंग त्यात नव्हता. आजच्या संशोधकास हेवा वाटावा अशी ही स्थिती आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती एका घराची मर्जी होती, व्यवस्था नव्हती. मोरोपंतांच्या मागे बारामतीस दुसरे मोरोपंत झाले नाहीत, ह्याचे कारण केवळ प्रतिभेच्या दुर्मिळतेत शोधणे बरोबर होणार नाही. घराण्याचे वैभव उतरले की त्यावर चाललेली विद्याही उतरते, आणि नाईकांच्या घरी तसेच झाले.

त्या काळी साहाय्य मागण्याची रीतही ठरलेली होती. मागणारा मोडी लिपीत विनंतीपत्र लिही. आरंभी ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’ आणि ‘विज्ञापना’, मग आपली विद्या, आपले कुटुंब, आपली अडचण, आणि शेवटी वर्षासन, नेमणूक किंवा इनाम ह्यांपैकी काय हवे त्याचा उल्लेख. ह्या पत्रात ओळखीला फार महत्त्व असे. कोणाच्या शिफारसीने पत्र पोहोचले, ह्यावर पुष्कळ अवलंबून राही. ओळख नसलेल्यास एकच मोठे द्वार होते, ते म्हणजे श्रावणमासातील दक्षिणा. सेनापती दाभाडे ह्यांनी तळेगावास चालविलेली ही प्रथा १७३१ च्या डभईच्या लढाईनंतर पेशव्यांनी पुण्यास आणली, असे मानले जाते. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत, शास्त्रीमंडळी विद्वानांची परीक्षा घेत आणि योग्यतेप्रमाणे रक्कम ठरे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही खुली स्पर्धा होती, मात्र एकाच वर्णापुरती खुली. इंदापूरच्या कुणब्यास, सुप्याच्या शिंप्यास किंवा कोणत्याही गावच्या महारास त्या रमण्याचे दार नव्हते. त्यांच्यापैकी कोणाच्या मुलास अक्षरओळख झालीच तर ती गावातील पंतोजीकडे. आणि पंतोजीचे पोट पालकांनी दिलेल्या धान्यावर व थोड्याशा पैशांवर चाले. रा. वि. परुळेकर ह्यांनी १८२० ते १८३० ह्या दशकातील देशी शाळांची जी कागदपत्रे उजेडात आणली, त्यांवरून ह्या व्यवस्थेचा विस्तार आणि तिचा तुटपुंजेपणा ही दोन्ही दिसतात.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. वार्षिक सुमारे ५०,००० रुपयांची तरतूद ठेवून तिच्यातूनच ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. पुढे जुन्या दक्षिणादारांच्या मृत्यूबरोबर जी रक्कम मोकळी होऊ लागली, तिचे काय करावे ह्यावर १८४९ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला. लोकहितवादी व त्यांचे तरुण सहकारी ह्यांनी अर्ज करून मागणी केली की, हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहविण्याकडे लावावा. शास्त्रीमंडळींचा रोष झाला. जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्यानंतर ह्याच निधीतून महाविद्यालयीन विद्वानांस दक्षिणा फेलो म्हणून वेतन मिळू लागले, रा. गो. भांडारकर १८५९ मध्ये असे फेलो झाले. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी फुले ह्यांच्या मंडळीने पुण्यात ज्या शाळा काढल्या, त्यांनाही ह्याच निधीतून साहाय्य झाले. ज्या रमण्यात त्या मुलांच्या वाडवडिलांना पाऊल टाकता आले नसते, त्याच रमण्याचा पैसा एका अर्जाने त्यांच्या पाट्यांपर्यंत आला. महाराष्ट्रातील अनुदानाच्या इतिहासात ह्याहून अर्थपूर्ण अर्ज प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

दक्षिणेचे हे सारे स्थित्यंतर पुण्यात घडले. भीमा व नीरा ह्यांच्या दुआबात काय घडले, ते समजण्यासाठी प्रथम सारापद्धतीकडे वळावे लागते. विषयांतर वाटण्याचा संभव आहे. पण येथील शाळांचे द्रव्य जमिनीच्या साऱ्याशीच बांधले गेले, म्हणून ते टाळता येत नाही. इंग्रजी अमलाच्या आरंभी पुण्याचा असिस्टंट कलेक्टर रॉबर्ट कीथ प्रिंगल ह्याने जमिनीची मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. हेलिबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकलेल्या ह्या अधिकाऱ्याची उपपत्ती कागदावर निर्दोष होती. इंदापुरात तिचा परिणाम असा झाला की, रयत जमिनी टाकून निघून गेली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट ह्यांनी ह्याच तालुक्यात फेरपाहणी केली आणि १८३६ पासून हलका, तीस वर्षे मुदतीचा सारा बसविला. मुंबई इलाख्यातील पुढच्या साऱ्या भूमापनाचा पाया इंदापुरात घातला गेला तो असा. पडीत जमिनी पुन्हा लागवडीस आल्या. ह्या हलक्या साऱ्याचा शाळांच्या दृष्टीने एक अनपेक्षित परिणाम व्हावयाचा होता, तो पुढे येईल.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात १८३० नंतरच्या दशकात शॉर्टरीड नावाच्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने खेड्यांत सरकारी खर्चाने साध्या मराठी शाळा निघाल्या. हा प्रयोग सर्व जिल्ह्यात त्याच रीतीने पसरता, तर येथील इतिहास निराळा झाला असता. परंतु १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनजवळ पैसा थोडा होता, आणि वरिष्ठ वर्ग शिकला म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल हे मत प्रबळ होते. १८५४ च्या सुमारास ग्रामशाळांसाठी जी नवी पद्धत आली, तिचे मर्म असे : गावकऱ्यांनी शिक्षकाच्या पगाराचा अर्धा भाग द्यावा, शाळेसाठी जागा पुरवावी, आणि तसा अर्ज करावा, उरलेला अर्धा पगार सरकार देईल. ‘अंशतः स्वावलंबी’ शाळा असे तिचे नाव पडले. त्याच वर्षी आलेल्या वुडच्या खलित्याने अनुदानाचे तत्त्व साऱ्या हिंदुस्थानास लागू केले.

अर्ध्या वाट्याची ही अट पुढे इतक्या रूपांनी परत येते की, तिचा विचार येथे थोडा विस्ताराने करणे अवश्य आहे. तिच्या समर्थनार्थ असे म्हणत की, लोकांस विद्येची खरी चाड आहे की नाही ह्याची ही कसोटी होय. ज्यास हवे आहे तो अर्धे देईल. दिसण्यात हे न्याय्य आहे. परंतु शिक्षकाचा पगार दरमहा दहा रुपये धरला, तर गावाचा वाटा वर्षास साठ रुपये होतो, आणि तो रोख द्यावा लागतो. इंदापूरच्या माळावर मुख्य पीक रब्बी ज्वारीचे. हस्ताचा पाऊस हुकला की ज्वारी गेली. ज्वारी गेली की गावात नाणे उरत नाही. जेथे बाजारपेठ आहे, सावकार आहेत, कुलकर्ण्यांची व व्यापाऱ्यांची चार घरे आहेत, तेथे साठ रुपये जमणे कठीण नव्हते. बारामती, सुपे, इंदापूर ही ठाणी अशी होती. त्यांच्या भोवतालची खेडी तशी नव्हती. तेव्हा ह्या अटीने चाड तपासली असे म्हणण्यापेक्षा पत तपासली असे म्हणणे अधिक खरे होईल. ज्या गावास साहाय्याची गरज सर्वांत अधिक, तेच अर्ज करण्यास सर्वांत असमर्थ, असा हा पेच होता.

ज्या गावांनी वर्गणी कबूल केली, तेथेही ती कितपत स्वेच्छेची होती ह्याविषयी शंकेस जागा आहे. मामलेदाराने पाटलास बोलावून ‘तुमच्या गावी शाळा हवी ना?’ असे विचारल्यावर पाटील काय उत्तर देणार? खात्याचे अधिकारी वर्गणीसाठी दारोदार फिरत आहेत, हे सरकारच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, असा अभिप्राय लॉर्ड स्टॅन्लीच्या १८५९ च्या खलित्यात व्यक्त झाला आणि प्राथमिक शिक्षणासाठी अनुदानाची पद्धत सोडून जमिनीवर स्वतंत्र उपकर बसवावा, अशी शिफारस झाली. रयतेवर पडणाऱ्या दडपणापेक्षा सरकारच्या अप्रतिष्ठेचा उल्लेख अधिक ठळक व्हावा, हे त्या काळास धरूनच होते.

मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा उपकर घेण्यास आरंभ झाला. १८६९ च्या कायद्याने त्यास पक्के रूप आले. उपकरापैकी एक तृतीयांश शिक्षणाकडे व उरलेला रस्ते, विहिरी वगैरे कामांकडे जावयाचा. आता प्रत्येक गाव अर्ज न करताच पैसे देऊ लागले. मात्र दिलेला पैसा गावी परत यावा म्हणून अर्ज करावा लागे, तो लागेच. येथे थोडे गणित करून पाहणे उद्बोधक आहे. दहा रुपये दरमहाच्या एका शिक्षकास वर्षास १२० रुपये लागतात. आणेवारीच्या उपकरातून एक तृतीयांश हिश्शाने १२० रुपये निघावयाचे, तर गावाचा सारा ५,७६० रुपये असावा लागतो. गोल्डस्मिड-विंगेटच्या हलक्या साऱ्याने जी रयत वाचली, तिच्या कोरडवाहू खेड्यांचा सारा ह्या आकड्याच्या जवळपासही जाणे कठीण. म्हणजे अनेक गावांचा पैसा एकत्र करावा तेव्हा एका गावी शाळा निघणार. आणि ती कोणत्या गावी निघावी हे ठरताना पुन्हा इमारत कोण देतो, मुलांची संख्या कोण दाखवितो, तालुक्याच्या ठाण्यापासून ते किती दूर आहे, हेच पाहिले जाणार. जमिनीस सवलत मिळाली आणि तीच सवलत विद्येच्या वाट्यास उणी पडली. १८६७ मध्ये इंदापूरची मुदत संपून सारा मोठ्या प्रमाणात वाढला, तेव्हा उपकरही वाढला. पण तोपर्यंत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव उतरू लागले होते आणि वाढीव सारा भरण्यासाठीच रयत सावकाराच्या दारी जात होती.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे दख्खनच्या दंग्यास तोंड लागले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे, आज ते बारामती तालुक्यात आहे. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, तो कागदांवर होता : रोखे, खते, हुकूमनामे. स्वतः न वाचता आलेल्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या कुणब्याने अखेर तो कागद हिसकावून जाळला. शाळेसाठी बारा वर्षे उपकर देत आलेल्या तालुक्यात हे घडले, ही गोष्ट दंग्याच्या आर्थिक मीमांसेत सहसा नमूद होत नाही. ती व्हावयास हवी.

जोतीराव फुले ह्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्याचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो व शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गास होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप सर्वपरिचित आहे. निवेदनातील शिष्यवृत्त्यांविषयीचा विचार त्या मानाने दुर्लक्षित राहिला. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे हे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्यामुळे ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यात त्याचा प्रसार होत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखून ठेवाव्यात, असे त्यांनी सुचविले. अर्ध्या वाट्याच्या अटीस आणि खुल्या स्पर्धेस एकाच वेळी लागू पडणारे हे परीक्षण आहे. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची त्यांची मागणीही त्याच विचारातून आली. शासनास हा विचार स्वीकारावयास पुष्कळ अवधी लागला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना १९४४ मध्ये आली. आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांस फीमाफी देणारी, ‘ई. बी. सी.’ ह्या अक्षरांनी खेडोपाडी परिचित झालेली सवलत बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, १९६० च्या आसपास महाराष्ट्रात रूढ झाली. गावास किंवा संस्थेस वाटा मागण्याऐवजी विद्यार्थ्याची गरज हाच निकष धरणारी ही साहाय्ये होती. इंदापूरच्या माळावरील कुटुंबास ह्या दोन्हींचा जो आधार झाला, त्याची तुलना आधीच्या कोणत्याही योजनेशी होऊ शकत नाही.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे, म्हणजे संशोधनाच्या द्रव्याकडे वळू. १८७६-७७ च्या दुष्काळात ज्या कालव्याचे काम सुरू झाले, त्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास बारामती व इंदापूरच्या दक्षिण भागास मिळू लागले. ऊस आला, गुऱ्हाळे आली, आणि पंचवीस वर्षांच्या आत जमिनी फुटू लागल्या. पांढरे क्षार वर येऊन चांगली काळी जमीन चोपण होऊ लागली. हॅरॉल्ड मान व वि. अ. ताम्हाणे ह्यांनी ह्या नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये मुंबईच्या शेतकी खात्यामार्फत तो प्रसिद्ध केला. येथील मातीवरील हे पहिले मोठे शास्त्रीय काम होय. त्यास पैसा सहज मिळाला, ह्याचे कारण उघड आहे : जमीन खारावली म्हणजे पाणीपट्टी बुडते आणि कालव्याचा भांडवली खर्च अंगावर येतो. मान ह्यांची ज्ञाननिष्ठा वादातीत आहे. पण कोणत्या मातीची परीक्षा आधी व्हावी, हे ठरविण्यात सरकारी जमाखर्चाचा हात होता.

१९२९ मध्ये शेतकी कमिशनच्या शिफारशीनुसार इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ही संस्था निघाली आणि संशोधनासाठी प्रांतांनी योजना लिहून पाठवावयाची, तिची छाननी व्हावयाची व मुदतबंद रक्कम मंजूर व्हावयाची, ही आज आपल्या अंगवळणी पडलेली रीत शेतकी शास्त्रात रूढ झाली. १९३२ मध्ये नीरेच्या पलीकडे फलटण तालुक्यात पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले; तेथील बसू व शिरूर ह्यांनी दख्खनच्या कालव्यांखालील मातीचे जे वर्गीकरण १९३८ मध्ये प्रसिद्ध केले, ते अजूनही पायाभूत मानले जाते. कोरडवाहू शेतीसही ह्याच कौन्सिलकडून साहाय्य मिळाले, पण ते सोलापूर व विजापूर येथे. इंदापूरचा उत्तर भाग सोलापूरच्या केंद्रास जवळ, हवामानही तेच, म्हणून त्याचा लाभ काही अंशी इकडे पोहोचला, एवढेच. ह्या संशोधनाच्या मुळाशीही उपकरच होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९४० च्या कायद्याने शेतमालाच्या निर्यातीवर उपकर बसवून कौन्सिलला उत्पन्न जोडून देण्यात आले, आणि हा कायदा २००६ मध्ये रद्द होईपर्यंत संशोधन-योजनांस ह्या उपकराचा आधार होता. शाळेसाठी साऱ्यावर आणा आणि प्रयोगशाळेसाठी निर्यातीवर उपकर : दोन्ही प्रसंगी मूळ भार शेतावरच पडला.

स्वातंत्र्योत्तर काळात अर्ध्या वाट्याची अट नव्या पोशाखात परत आली. विद्यापीठ अनुदान मंडळ १९५३ मध्ये निघाले, १९५६ मध्ये त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. इमारत, वसतिगृह अशा कामांसाठी मंडळ खर्चाचा ठराविक भाग, पुष्कळदा निम्मा, देई; उरलेला संस्थेने उभा करावयाचा. शिवाय १९७२ च्या दुरुस्तीने आलेल्या १२ (ब) ह्या कलमाखाली संस्था अनुदानास पात्र ठरलेली असावी लागे. आणि पात्र ठरावयाचे तर आधी जागा, शिक्षक, ग्रंथालय, म्हणजे पुन्हा पैसा हवा. बारामतीने हा वाटा कसा उभा केला? १९६२ मध्ये अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले, त्यास तुळजाराम चतुरचंद हे नाव आहे. दात्याचे नाव संस्थेस देण्याची ही रीत नाईकांच्या आश्रयाचीच एक सुधारलेली आवृत्ती होय. फरक असा की येथे दात्याच्या मागे नोंदणीकृत संस्था, घटना व हिशेब उभे राहिले. दुसरा मार्ग साखरेचा. वालचंद हिराचंद ह्यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर वसविले, आणि १९५० नंतरच्या दशकात माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. सहकारी कारखान्यांच्या टापूत सभासदांच्या उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम शिक्षणासाठी कापण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र पडली. अशी कपात म्हणजे जुना आणेवारीचा उपकरच, पण तो आपल्याच सभेत ठराव करून बसविलेला, आणि त्याचा पैसा आपल्याच टापूत खर्च होणारा. १९७२ मध्ये बारामतीत विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. इंदापूर गावी महाविद्यालय यावयास मात्र आणखी वेळ लागला. जेथे कालवा, तेथे ऊस. जेथे ऊस, तेथे कपात. जेथे कपात, तेथे अनुदानाचा उरलेला अर्धा भाग मागण्याची ऐपत. नकाशावर कालव्याची रेषा व उच्च शिक्षणसंस्थांची ठिकाणे एकत्र मांडून पाहिली, तर ही साखळी डोळ्यांनी दिसते.

ज्यांच्याजवळ रोख पैसा नव्हता त्यांनी श्रमाचा वाटा घालावा, हा तिसरा मार्ग कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी दाखविला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ ह्या सूत्राकडे आपण बहुधा नैतिक दृष्टीने पाहतो. अनुदानाच्या दृष्टीने पाहिल्यास तो अर्ध्या वाट्याच्या अटीवरचा सर्वांत चतुर तोडगा होता, कारण निम्मा वाटा पैशात मोजण्याऐवजी तो अंगमेहनतीत मोजला गेला. १९४८ मध्ये भाऊरावांच्या एका भाषणावरून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले, तेव्हा जनतेने निधी जमवून संस्था चालविली. अनुदान पुढे पुन्हा सुरू झाले. त्या प्रसंगी संस्था तगली ती ह्या वेगळ्या वाट्यामुळे. आश्रय गेल्यावर नाईकांच्या बारामतीत जे घडले, त्याच्याशी हा प्रसंग ताडून पाहण्याजोगा आहे.

२१ फेब्रुवारी २००९ रोजी भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने बारामती तालुक्यात माळेगाव खुर्द येथे अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. अवर्षण, क्षार, उष्णता ह्यांनी पिकांवर येणारा ताण हा तिचा विषय. मान व ताम्हाणे ह्यांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या खाऱ्या जमिनी पाहिल्या त्यांच्याच सान्निध्यात, पण ह्या खेपेस उघड्या, मुरमाड, खडकाळ माळावर ही संस्था उभी राहिली. तेथील शास्त्रज्ञांना प्रयोगाचे क्षेत्र तयार करण्यासाठी प्रथम खडक फोडावा लागला. ज्या तऱ्हेच्या जमिनीवरून सारा हलका येई आणि म्हणून उपकरही थोडा निघे, तीच जमीन आता संशोधनाचा विषय म्हणून अनुदानास पात्र ठरली आहे. ह्या दोन तालुक्यांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पुण्याच्या पेशवे दप्तरातील वर्षासनांचे कागद, मुंबईच्या अभिलेखागारातील शिक्षणखात्याची दप्तरे आणि सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभांचे अहवाल ही तिन्ही साधने एकत्र ठेवून वाचावीत. आणि मंजूर झालेल्या अर्जांइतकेच, ‘लोकवर्गणी जमलेली नाही’ ह्या शेऱ्यासह परत गेलेल्या अर्जांकडेही लक्ष द्यावे.